कवटी, कॅलिपर आणि जात : इरावती कर्वे यांच्या जैविक मानवशास्त्रीय संशोधनाची चिकित्सा

इरावती कर्वे (१९०५-१९७०) हे नाव उच्चारताच मराठी वाचकासमोर 'युगान्त' उभे राहते. या ग्रंथाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तेव्हापासून मराठी समीक्षेने त्यांच्या लेखनाचा जो विचार केला, तो मुख्यतः 'युगान्त', 'परिपूर्ती', 'भोवरा' या लेखनाभोवतीच फिरत राहिला आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) आणि 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' (१९६१) या ग्रंथांची दखल घेतली. परंतु ज्या विद्याशाखेत इरावतीबाईंनी डॉक्टरेट मिळविली आणि जिच्यात त्या अखेरपर्यंत काम करीत राहिल्या, ती जैविक मानवशास्त्राची शाखा त्यांच्या परिचयात एखाद्या वाक्यापुरतीच उरते. 'युगान्त'ला पुरस्कार मिळाला त्याच १९६८ साली 'करंट ॲन्थ्रोपॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यांचा आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांचा समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना करणारा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला होता, ही गोष्ट मराठीत क्वचितच सांगितली जाते.

ही उपेक्षा केवळ विषयाच्या तांत्रिकतेमुळे झाली असे म्हणता येत नाही. द्रौपदी आणि गांधारी यांच्याविषयी लिहिणाऱ्या विदुषीने आयुष्यभर माणसांची डोकी, नाके आणि उंची मोजली, हे मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या मोजमापांच्या आधारे युरोपात वंशश्रेष्ठत्वाचे सिद्धांत उभारले गेले आणि भारतात जातींची उतरंड निसर्गदत्त ठरविण्याचा प्रयत्न झाला, ती मोजमापे इरावतीबाईंच्या हाती आल्यावर त्यांचे काय झाले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने त्यांच्या जैविक मानवशास्त्रीय कार्याची चिकित्सा करावयाची आहे.

नाकाचा निर्देशांक आणि जातीची पायरी

भारतातील मानवमितीचा इतिहास हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्यापासून सांगितला जातो. बंगाल प्रांतात घेतलेल्या मापांवरून आणि पुढे १९०१ च्या जनगणनेच्या निमित्ताने त्याने असा दावा मांडला की, जातीचा सामाजिक दर्जा आणि नाकाची रुंदी यांचे प्रमाण व्यस्त असते. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले की नासिका निर्देशांक मिळतो. हा आकडा सत्तरच्या आत असेल तर नाक अरुंद, पंच्याऐंशीच्या पुढे गेला तर रुंद. एका भागाकाराने समाजाची रचना उलगडते असे मानण्यातला भोळेपणा आज हास्यास्पद वाटतो. तथापि 'द पीपल ऑफ इंडिया' (१९०८) या ग्रंथाने पुढील कित्येक दशके शासकीय व विद्यापीठीय विचारावर प्रभाव गाजविला, हे विसरता येत नाही.

रिस्लेच्या सिद्धांताला उत्तर देण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. इरावतीबाईंचे गुरू डॉ. गो. स. घुर्ये यांनी 'कास्ट अँड रेस इन इंडिया' (१९३२) मध्ये रिस्लेचीच मापे पुन्हा तपासली आणि जातीची पायरी व नाकाचा निर्देशांक यांची सांगड फार तर उत्तर हिंदुस्थानात दिसते, अन्य प्रांतांत ती टिकत नाही, असे दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) मध्ये घुर्ये यांच्या कोष्टकांचा आधार घेऊन त्यापुढचा निष्कर्ष काढला. मानवमितीला प्रमाण मानायचेच असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशांचे ठरत नाहीत, आणि म्हणून अस्पृश्यतेचा उगम वंशभेदात शोधणे व्यर्थ आहे. प्रतिपक्षाचे शस्त्र घेऊन प्रतिपक्षाचाच युक्तिवाद मोडण्याचे हे उदाहरण इरावतीबाईंच्या कार्याकडे पाहताना ध्यानात ठेवावयास हवे. त्यांनीही बर्लिनमध्ये, काहीशा वेगळ्या रीतीने, तेच केले होते.

बर्लिन : १४९ कवट्या

मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून इरावतीबाई १९२८ साली जर्मनीला गेल्या. बर्लिनमध्ये त्यांनी संशोधन केले ते मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठी १९२७ मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म संस्थेत. संस्थेचा संचालक ऑयगेन फिशर हा त्यांचा मार्गदर्शक होता. आजच्या नामिबियातील रेहोबोथ येथे युरोपीय व आफ्रिकी पूर्वजांच्या मिश्र संततीचा अभ्यास करून त्याने नाव मिळविले होते. पुढे हीच संस्था नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणांची शास्त्रीय आधारशिला बनली, आणि फिशरनंतर संचालकपदी आलेल्या ओटमार फॉन फेर्शुएर याच्याकडे आउश्वित्झच्या छावणीतून योसेफ मेंगेले मानवी अवयव पाठवीत असे. इरावतीबाई तेथे होत्या तो काळ या घटनांच्या आधीचा आहे. परंतु विचाराची बीजे त्या वेळीही तेथे होतीच.

त्यांना दिलेला विषय होता मानवी कवटीची स्वाभाविक असममिती. कवटीची उजवी व डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. ही असममिती युरोपीयांत विशिष्ट स्वरूपाची असून तिचा संबंध त्यांच्या कथित उच्च बौद्धिक क्षमतेशी असावा, असे फिशरचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत पूर्व आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून आणलेल्या कवट्याही होत्या. असममितीचा वंशाशी संबंध आढळत नाही, या निष्कर्षावर त्या आल्या. मार्गदर्शकाच्या गृहीतकाच्या विरोधात जाणारा हा निष्कर्ष एका वसाहतीतून आलेल्या पंचविशीतील विद्यार्थिनीने त्याच मार्गदर्शकापुढे ठेवला. ऊर्मिला देशपांडे आणि थिआगो पिंटो बार्बोसा यांच्या 'इरू' (२०२४) या इंग्रजी चरित्रामुळे हा प्रसंग अलीकडे पुष्कळांना ठाऊक झाला आहे. त्यावरून इरावतीबाईंना वंशवादाविरुद्ध उभ्या ठाकलेल्या वीरांगना म्हणून गौरविण्याची प्रवृत्तीही दिसू लागली आहे.

या गौरवात तथ्य आहे. तरी प्रबंधाची तर्करचना नीट पाहिली तर त्याची मर्यादाही स्पष्ट होते. वंश नावाची वर्गवारी त्यांनी गृहीत धरली आणि त्या वर्गवारीशी एका लक्षणाचा संबंध नाही एवढेच सिद्ध केले. एक सहसंबंध खोटा ठरला, मात्र ज्या चौकटीत तो मांडला गेला ती चौकट अबाधित राहिली. दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. त्या कवट्या कोणाच्या होत्या? वसाहतींतून कवट्या कशा मिळविल्या जात, याचा शोध जर्मनीतील संग्रहालयांनी आता आता सुरू केला आहे. २०२३ साली बर्लिनमधील अशाच एका संग्रहातील काही कवट्यांचा संबंध टांझानियातील हयात वंशजांशी आनुवंशिक तपासणीद्वारे जोडता आला. १९३० मध्ये हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते, हे खरे. परंतु माणसाच्या अवशेषाला 'नमुना' म्हणण्याची सवय तेथून पुढच्या कामातही आली, हेही खरे आहे.

डेक्कन कॉलेजमधील मोजणी

१९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पदव्युत्तर व संशोधन संस्थेत रूपांतर झाले आणि इरावतीबाई तेथे दाखल झाल्या. तेथेच डॉ. ह. धी. सांकळिया होते. पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि मानवशास्त्र एका छताखाली नांदण्याचा जो लाभ या संस्थेला मिळाला, त्यातूनच गुजरातमधील लांघणज येथील उत्खननाचे काम उभे राहिले. सूक्ष्मास्त्रांसह सापडलेले तेथील मानवी सांगाडे भारतीय प्रागैतिहासिक अभ्यासात महत्त्वाचे ठरले.

लांघणजचे पहिले अहवाल आज वाचताना मात्र पद्धतीतील दोष चटकन लक्षात येतो. सांगाडा सापडला की तो कोणत्या वंशप्रकारात बसतो हा पहिला प्रश्न, आणि आफ्रिकेशी नाते जोडणारे एखादे लेबल हे पहिले उत्तर. हे लोक काय खात होते, मुले किती वयात दगावत होती, हाडांवर श्रमाच्या व आजाराच्या कोणत्या खुणा आहेत, हे प्रश्न दुय्यम. त्या सांगाड्यांचा पुनर्विचार १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन लेखकांपैकी केनेथ केनेडी हे पुढे दक्षिण आशियातील सांगाड्यांच्या अभ्यासाला वंशप्रकारांच्या जंजाळातून बाहेर काढणारे अभ्यासक म्हणून ओळखले गेले. दुसऱ्या लेखिका सोफी एअरहार्ट यांनी नाझी काळात सिंती व रोमा समाजांच्या वांशिक नोंदणीत भाग घेतला होता. पुण्यातून प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाच्या मुखपृष्ठावर ही दोन नावे शेजारीशेजारी यावीत, यात या विद्याशाखेचा सारा अवघड वारसा एकवटला आहे.

जिवंत माणसांच्या मोजणीत इरावतीबाईंचे कार्य अधिक भरीव आहे. अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी १९५१ मध्ये महाराष्ट्रातील मानवमितीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. संख्याशास्त्रज्ञाला सोबत घेणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी दोन गटांमधील अंतर अनेक मापांवरून एकत्रितपणे काढण्याची रीत १९३६ मध्ये पूर्णत्वाला नेली होती आणि डी. एन. मजुमदार व सी. आर. राव यांच्यासह संयुक्त प्रांताच्या पाहणीत (१९४९) तिचा विस्तृत वापर केला होता. एका निर्देशांकावर अवलंबून राहणाऱ्या रिस्लेपासून भारतीय मानवमिती किती दूर आली होती, हे यावरून दिसते. विशेष म्हणजे जगभर अनेक शास्त्रांत वापरले जाणारे महालनोबिस अंतर जन्माला आले ते माणसांच्या डोक्यांच्या मापांतून.

समान दर्जाच्या आठ गटांचा प्रश्न

इरावतीबाईंच्या जैविक संशोधनाचे सार १९६८ च्या निबंधात आहे. तोवर जातींची जैविक तुलना म्हणजे वरच्या जातीची खालच्या जातीशी तुलना असे समीकरण होते. इरावतीबाई व मल्होत्रा यांनी प्रश्न आडवा केला. महाराष्ट्रातील चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ अशा एकाच दर्जाच्या ब्राह्मण गटांची त्यांनी आपसांत तुलना केली. एका मूळ समाजाचे तुकडे पडत जाऊन पोटजाती निर्माण झाल्या असतील, तर समान दर्जाचे गट परस्परांसारखे दिसावयास हवेत. प्रत्यक्षात त्यांच्यात लक्षणीय अंतर आढळले. त्यावरून इरावतीबाईंनी असे मत दृढ केले की, आज एका नावाखाली ओळखल्या जाणाऱ्या जाती मुळात स्वतंत्र असलेल्या गटांचे पुंज आहेत आणि जात हे विस्तारलेले नातेकुल आहे.

या भूमिकेत गुरूचे खंडन होते. घुर्ये विभाजनाच्या बाजूचे, इरावतीबाई एकत्रीकरणाच्या. 'हिंदू सोसायटी'मध्ये त्यांनी कुंभारांचे उदाहरण घेतले आहे. महाराष्ट्रात थोरचाके आणि लहानचाके असे कुंभार आहेत. चाक वेगळे, घडविण्याची रीत वेगळी, बेटीव्यवहार नाही, आणि शरीरमापनातही फरक. केवळ व्यवसाय एक म्हणून त्यांना एका जातीची शकले समजणे हे त्यांना मान्य नव्हते. क्षेत्रात हिंडून, कुंभाराच्या अंगणात बसून केलेले हे निरीक्षण ग्रंथांवर विसंबणाऱ्या अभ्यासकाला सुचले नसते. जातीचा विचार वर्णापासून खाली न करता गावातील प्रत्यक्ष बेटीव्यवहारापासून वर करण्याची ही दृष्टी हे इरावतीबाईंचे टिकाऊ देणे होय.

तथापि १९६८ च्या अनुमानात एक मूलभूत त्रुटी आहे आणि ती मान्य करावीच लागते. दोन गटांत आज फरक आहे, एवढ्यावरून ते मुळात वेगळे होते असे सिद्ध होत नाही. एखाद्या मोठ्या समाजातून थोडी कुटुंबे बाजूला निघाली आणि पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच विवाह करीत राहिली, तर त्या मोजक्या पूर्वजांची वैशिष्ट्ये संपूर्ण गटात पसरतात. लहान गटात केवळ यदृच्छेनेही जनुकांचे प्रमाण झपाट्याने बदलते. म्हणजे विभाजन आणि एकत्रीकरण या दोन्ही प्रक्रियांचा शेवट एकाच दृश्यात होऊ शकतो : समान दर्जाचे, परंतु परस्परांपासून जैविक अंतर राखणारे गट. फरकाचे मोजमाप अचूक असले, तरी ते दोन गृहीतकांपैकी एकाची निवड करून देत नाही. जनुकीय विचलनाचा हा सिद्धांत १९६८ मध्ये अज्ञात नव्हता. स्यूअल राइट यांचे त्यावरील लेखन तीसच्या दशकापासून उपलब्ध होते.

दुसरा आक्षेप मापांविषयीच आहे. उंची आहारावर अवलंबून असते. नाकाच्या आकाराचा हवेच्या उष्णतेशी व आर्द्रतेशी संबंध असल्याचे थॉमसन आणि बक्स्टन यांनी १९२३ मध्येच दाखविले होते. डोक्याचा आकार परिस्थितीने किती बदलतो, हा फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेतील स्थलांतरितांच्या मुलांवरून उपस्थित केलेला वाद एकविसाव्या शतकातही पुन्हा उफाळला. कोकणपट्टीतील कुटुंबे आणि देशावरील कुटुंबे यांच्यातील अंतरापैकी किती रक्ताचे आणि किती भात-भाकरीचे, हे कॅलिपर सांगू शकत नाही.

तिसरा मुद्दा गटांच्या निवडीचा. ज्या समाजात संशोधिकेचा जन्म व विवाह झाला, त्याच समाजाचे गट प्रश्नाच्या केंद्रस्थानी आले. प्रवेश सुलभ, माहिती खात्रीची, हे व्यावहारिक कारण समजण्यासारखे आहे. पण रिस्लेने रचलेल्या उतरंडीवरील खरा घाव मोजमापाच्या खालच्या टोकाला, बाबासाहेबांनी निर्देश केलेल्या जागी, बसावयास हवा होता. ही कसर पुढे काही अंशी मल्होत्रा यांनी भरून काढली. कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेतून त्यांनी महाराष्ट्रातील धनगरांचा अभ्यास केला आणि धनगर या एका नावाखाली वीसहून अधिक अंतर्विवाही गट असल्याचे नोंदविले. माधव गाडगीळ यांच्यासह १९८३ मध्ये लिहिलेल्या निबंधात या गटांकडे त्यांनी परिसर आणि उपजीविका यांच्या वाटणीच्या दृष्टीने पाहिले. जातीतील विषमतेचे दुःख त्या पर्यावरणीय मांडणीतून निसटते, हा वेगळा विषय.

बदललेले प्रश्न

१९५१ साली शेरवूड वॉशबर्न यांनी शारीरिक मानवशास्त्राने वर्गीकरण सोडून प्रक्रियांकडे वळावे, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी इरावतीबाई व दांडेकरांचा मापनग्रंथ आला, हा योगायोग बोलका आहे. पुढे या शाखेचे क्षेत्र बदलत गेले. १९८२ मध्ये नर्मदाकाठच्या हथनोरा येथे सापडलेल्या कवटीमुळे मानवी उत्क्रांतीचा अभ्यास भारतात आला. इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन दफनांवर सु. रा. वाळिंबे, जॉन लुकाक्स आणि नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी केलेल्या कामात वंशप्रकाराचा शोध मागे पडला. घराच्या जमिनीखाली मातीच्या दोन रांजणांची तोंडे जुळवून पुरलेल्या बालकांची हाडे व दात कुपोषण, वाढ आणि बदलते हवामान यांविषयी बोलू लागली. लांघणजला जे विचारले गेले नव्हते, ते इनामगावला विचारले गेले.

मोजमापाचे साधन तेच ठेवून प्रश्न बदलला की काय घडते, याचे उत्तम उदाहरण पुण्याजवळच्याच सहा गावांत आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे वजन, डोके, पोट आणि त्वचेखालील चरबीची जाडी मोजली. बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. स्नायू व अवयव लहान, पण पाठीवरील चरबी तुलनेने टिकून राहिलेली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या 'कृश पण मेदयुक्त' बालकाच्या वर्णनाने भारतीयांतील मधुमेहाचा विचार मातेच्या आहारापर्यंत मागे नेला. येथे माप हे ओळखपत्र झाले नाही, निदान झाले.

जनुकसंचाच्या अभ्यासाने तर इरावतीबाईंचा मूळ प्रश्नच पुन्हा उघडला आहे. डेव्हिड राइश, कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये बहुतेक भारतीय गट दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून घडले असल्याचे मांडले. हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले, असे २०१३ च्या निबंधात दाखविले गेले. पार्थ मजुमदार यांच्या गटाने २०१६ मध्ये, अनेक जातींतील परस्परमिश्रण सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी अचानक थांबल्याचे नोंदविले. आधी व्यापक सरमिसळ, नंतर कठोर बेटीबंदी, असा हा क्रम आहे. तो घुर्ये यांच्या बाजूने पूर्णतः जात नाही आणि इरावतीबाईंच्याही नाही. जातीचे गट प्राचीन काळापासून वेगळेच होते, या मताला त्याने तडा जातो. अंतर्विवाही लहान गट हेच भारतीय समाजाचे जैविक एकक आहे, हे मत मात्र अधिक बळकट होते.

वृत्तपत्रांतून या संशोधनाची जी वार्ता पोहोचते, तिच्यात एका पूर्वजसमूहाची टक्केवारी जातीच्या पायरीप्रमाणे लावून दाखविण्याचा मोह अनेकदा आवरलेला नसतो. रिस्लेच्या निर्देशांकाची जागा टक्केवारीने घेतली, एवढाच फरक. समान दर्जाच्या गटांची आडवी तुलना करण्याची १९६८ ची रीत या मोहावर आजही उपयोगी पडते, कारण ती दर्जाचा प्रश्न रचनेतूनच बाद करते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला दक्षिण आशियातील संस्थापक परिणामांचा अभ्यास याच अंगाने जातो. त्यात प्रत्येक गटाचे पूर्वज मुळात किती थोडे होते आणि त्यामुळे कोणते दुर्मिळ आनुवंशिक दोष त्या गटात वाढले असतील, हे तपासले गेले. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात एका विकराची उणीव इतरांच्या मानाने पुष्कळ अधिक आढळते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी दिले जाणारे काही औषध अशा व्यक्तीच्या शरीरात लवकर निष्प्रभ होत नाही आणि श्वास दीर्घकाळ बंद राहू शकतो. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत ते औषध टाळावे लागते. धनगरांच्या वीसहून अधिक गटांत, थोरचाके आणि लहानचाके कुंभारांत, किंवा त्या आठ ब्राह्मण गटांत असे कोणते दोष साठले आहेत, हा प्रश्न इरावतीबाईंच्या कोष्टकांतून निघत नाही. तो कोणत्या गटाला स्वतंत्रपणे विचारावयाचा, याची यादी मात्र त्यांनी आणि मल्होत्रांनी गावोगाव हिंडून करून ठेवलेली आहे.